पुन्हा कवा येशीन?

दिवाळीच्या तोंडावर जैनथच्या शिवारात पऱ्हाटी फुटते. पहाटेच्या दवात बायका ओटी बांधून ओळीला लागतात आणि दिवस कलला की वेचलेला कापूस मोजून देतात. मजुरी वजनावर असते. हेच दोन-तीन महिने घरात पैसा येतो आणि म्हणून हेच दोन-तीन महिने माणसं दुखणं अंगावर काढतात. ताप असला तरी वेचणी चुकत नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तर बांधावर घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा ओळीत शिरायचं.

तेलंगणातलं आदिलाबाद इथून वीसेक किलोमीटर. तिथे 2008 सालापासून रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. उपचार मोफत आहेत आणि त्याचं मोल आम्ही जाणतो. पण बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची, वेचणीचीही सकाळची. बाई दवाखान्यात गेली की तिची मजुरी बुडते, सोबत गेलेल्या लेकीची बुडते, जाण्यायेण्याचं भाडं लागतं. तपासणीचा कागद दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर हे सगळं दोनदा. गोळ्या फुकट मिळूनही दवाखाना असा महाग पडतो. यंदाच्या अंकाची सुरुवात या हिशेबाने करावीशी वाटली.

काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका गावात आरोग्य शिबिर झालं. मांडव, खुर्च्या, फलक, पाहुण्यांचं स्वागत. वैद्यकीय शिक्षण घेणारी चार-पाच मुलंमुली आली होती आणि मनापासून काम करत होती. एका विद्यार्थिनीने एका म्हातारीचा रक्तदाब घेतला, तो फार वाढलेला निघाला. तिने हात हातात घेऊन समजावून सांगितलं, पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. म्हातारीने त्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि विचारलं, "पोरी, आता पुन्हा कवा येशीन?" पोरीला उत्तर देता आलं नाही. शिबिर एका दिवसाचं होतं. गोळ्या पंधरा दिवसांच्या होत्या. रक्तदाब जन्माचा होता.

या प्रश्नाला एका संस्थेने फार पूर्वी उत्तर दिलं आहे आणि ते मराठी मुलखातच दिलं आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. देशाचं आरोग्यमंत्रिपद सांभाळून झालेली ही बाई खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढायला आली. तिथली प्रथा अशी, की पहिल्या वर्षाची अख्खी तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पंधरा दिवस तिथेच मुक्काम करते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, चूल कशावर पेटते, कोण खोकतं, कोणाचं बाळ वजनात मागे आहे, हे सगळं तो लिहून घेतो. मुक्काम संपला तरी नातं तुटत नाही. पुढे महिन्याच्या महिन्याला त्याच गावात, त्याच घरी जायचं असतं. पहिल्या वर्षी पाळण्यात पाहिलेलं पोर, तो विद्यार्थी डॉक्टर होईपर्यंत, अंगणात पळायला लागलेलं असतं. इतक्या काळात त्या घरातलं कोणी वारलेलंही असतं, आणि ते का वारलं हे विद्यार्थ्याला ठाऊक असतं. हे शिक्षण वॉर्डात मिळत नाही, कारण वॉर्डात रोगी येतो आणि जातो.

त्याच सेवाग्रामला डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगी झाली की घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात हक्काने यायचं. आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते. पायली-दोन पायल्या ज्वारी देणारा माणूस दवाखान्याच्या दारात मान खाली घालून उभा राहत नाही.

आता 2022 पासून राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने देशभरच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमातच घातला आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवायची. कागदावर हे सेवाग्रामचंच बी आहे. भीती एवढीच, की बसने जायचं, वहीत सही घ्यायची, फोटो काढायचा आणि परतायचं, इथवरच ते थांबेल. तसं होऊ द्यायचं की नाही, हे शिक्षकांइतकंच गावाच्याही हातात आहे. आलेल्या मुलाला गावाने विचारलं पाहिजे : मागच्या वेळी सांगितलंस त्याचं काय झालं?

घरी जाण्याच्या पुढे जाऊन विद्यार्थ्यांना दवाखानाही चालवता येतो. अमेरिकेत विद्यार्थ्यांनी चालवलेले मोफत दवाखाने आता नवलाचे राहिलेले नाहीत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथल्या सुमारे तीन चतुर्थांश वैद्यकीय महाविद्यालयांत असा किमान एक दवाखाना होता. सॅन दिएगोला डॉ. एलन बेक यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1997 साली सुरू केलेलं काम चर्चच्या आवारात आणि प्राथमिक शाळेत चालत आलं आहे. लोक जिथे आधीच येत होते तिथे दवाखाना गेला, हे त्यातलं घेण्यासारखं.

विद्यार्थ्यांच्या अशा दवाखान्यावर एक आक्षेप नेहमी येतो : गरिबांवर हात साफ करून घ्यायचे का? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. विद्यार्थ्याने एकट्याने औषध लिहू नये. नोंदणीकृत डॉक्टर शेजारी असल्याशिवाय दवाखाना उघडूच नये. पण वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन पाहणं, फवारणी करताना नाकातोंडावर काय बांधावं हे सांगणं, गोळ्या संपल्या का हे विचारणं, रिम्सला पाठवलेला माणूस खरंच पोचला का याची खातरजमा करणं, ही कामं कोण करतं? पैनगंगा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. नदीच्या अलीकडेही पीक तेच, पंपही तेच.

आणि आमच्याकडे भाषेचं काम आहे. आता महाराष्ट्रात असलेले राजुरा आणि किनवट हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, घरांतली बोली राहिली. इथली बाई डॉक्टरला सांगते, "अंगावरून पांढरं जाते, हातपाय गळाल्यावानी होते." समोरचा तरुण डॉक्टर तेलुगू बोलणारा, चांगल्या मनाचा, पण त्याला यातलं अर्धंच कळतं. गोंड आणि कोलाम घरांची अडचण याहून मोठी, आणि सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी तर तिथे घरोघर समजावून करावी लागते. मराठी, तेलुगू, गोंडी जाणणारा एक विद्यार्थी तपासणीच्या टेबलापाशी बसला, तर बाईचं दुखणं पुरतं डॉक्टरपर्यंत पोचेल.

दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध अष्टमीपासून जैनथच्या लक्ष्मीनारायणाचा उत्सव सुरू होतो. खेड्यापाड्यांतली माणसं त्या दिवसांत आपसूक इथे येतात. विद्यार्थ्यांच्या दवाखान्याची सुरुवात तिथून व्हावी. एक डॉक्टर, चार विद्यार्थी, एक टेबल, एक वही. आणि त्यानंतर दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, वेचणी आटोपल्यावर, संध्याकाळी.

वाचकहो, दिवाळीच्या शुभेच्छा. तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा आदिलाबाद, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, कुठेही डॉक्टरकी शिकत असेल, तर सुट्टीत हा मजकूर त्यांच्या हाती द्या. ओसरी गाव देईल, चहाभाकरी आम्ही पाहू. फक्त येताना पुढच्या महिन्याची तारीख ठरवून या.