टेहळणीचे विमान ग्लायडरच्या कामी

ग्लायडरला इंजिन नसते. त्याला वर न्यायचे तर जमिनीवरच्या विंचने दोर ओढतात (पुण्याजवळ हडपसरला तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलेही असेल), नाही तर विमानाच्या शेपटीला दोर अडकवून ओढत नेतात. हे ओढणारे विमान पुष्कळदा सैन्यातून निवृत्त झालेले असते. ब्रिटनमध्ये लष्करी ऑस्टर विमानांचे ‘टगमास्टर’ झाले. कोरिया व व्हिएतनामच्या युद्धांत तोफखान्यासाठी टेहळणी करणाऱ्या सेसना ‘बर्ड डॉग’ जातीची विमाने कॅनडात एअर कॅडेट मुलांची ग्लायडरे ओढू लागली. मुलांसाठी सैन्याची टाकाऊ विमाने वापरणे ही कंजुषी नव्हे काय, असे कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. का, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहा.

त्या कॅडेटांचे श्वाइझर २-३३ ग्लायडर दोन माणसांसह सुमारे ४७० किलोग्रॅम भरते. एक मीटर खाली येताना ते फार तर २३ मीटर पुढे जाते. म्हणजे हवेचा रोध वजनाच्या तेविसाव्या हिश्शाइतका, सुमारे २० किलोग्रॅम. ओढताना वेग जास्त असतो, म्हणून ३० धरू. आता जोडी सेकंदाला ३० मीटर पुढे आणि ३ मीटर वर जात असेल, तर चढ दहास एक. ग्लायडरच्या वजनाचा दहावा हिस्सा, ४७, त्यात मिळवा. दोरावरची ओढ झाली ७७ किलोग्रॅम. पण ओढणारे विमानही तोच चढ चढते! बर्ड डॉगचे रिकामे वजन सुमारे ७३० किलोग्रॅम. वैमानिक व पेट्रोल धरून ९०० म्हणा. स्वतःला उचलायलाच त्याला ९० किलोग्रॅमची ओढ लागते, शिवाय स्वतःचा रोध वेगळाच.

तेव्हा या कामाला इंजिन दांडगे, अंग हलके आणि मंद वेगातही न ढासळणारे विमान हवे. आखूड, ओबडधोबड पट्टीवरून उडून सावकाश घिरट्या घालण्यासाठी सैन्याने नेमके हेच मागितले होते. बर्ड डॉगचे इंजिन २१३ अश्वशक्तीचे. वरचे लष्करी सामान उतरवले की काम आणखी सोपे. प्रत्येक उतरवलेला किलो दर फेरीला वाचतो.

मात्र शेपटीला हुक लावला की झाले, हा समज घातक आहे. शिकाऊ मुलाने ग्लायडर फार वर जाऊ दिले, तर दोर विमानाची शेपटी वर खेचतो, नाक खाली जाते आणि सुकाणू कितीही ओढले तरी ते वर येत नाही. जमीन जवळ असेल तर सावरायला काही सेकंदच मिळतात. वर ताणलेल्या दोराने काही जुन्या धाटणीचे हुक सुटायलाही जड जातात. म्हणून ताणाखालीही सुटणारा हुक, तो सोडण्याची मूठ वैमानिकाच्या हाताशी आणि दोरात मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा, या तिन्हींवर एक पैसाही वाचवू नये.

आणखी एक. विमान म्हातारे झाले की नाही, हे केवळ वर्षांवरून ठरत नाही. धातू थकतो तो पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणाने. टेहळणीत एका उड्डाणात तासन्‌तास जात. ओढण्याच्या कामात एका तासात चार-पाच वेळा उडणे आणि उतरणे. इंजिनही दर वेळी चढताना तापते, उतरताना निवते; म्हणून शहाणा वैमानिक उतरताना ते एकदम मंद करीत नाही. अशा विमानाची नोंदवही पाहायला मिळाली तर उड्डाणाचे तास नंतर वाचा. आधी फेऱ्यांचा रकाना आहे का ते पाहा, आणि नसला तर का नाही ते विचारा.