पराभूत शत्रूशीं कसें वागावें?

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावर नळदुर्गचा किल्ला लागतो. सहलीस गेलेलीं आमचीं मुलें तेथील पाणीमहाल पाहून हरखून जातात. परंतु १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहाटे याच रस्त्यानें भारतीय सैन्य निजामाच्या राज्यांत शिरलें, ही गोष्ट त्यांतील थोड्यांसच ठाऊक असते. त्यापूर्वीं कित्येक महिने कासीम रझवीच्या रझाकारांनीं सरहद्दीवरील गांवांत लुटालूट, जाळपोळ व खून यांचा कहर मांडला होता आणि कितीएक कुटुंबें घरदार सोडून इकडे आश्रयास आलीं होतीं. पांच दिवसांत, म्हणजे १७ सप्टेंबरला, निजामानें शरणागति पत्करली. या विजयाचा आनंद आमच्या जिल्ह्यास झाला तो योग्यच होता. आमचें म्हणणें आहे तें विजयानंतरच्या दिवसांविषयीं.

निजाम १९५० सालीं भारतीय राज्यघटनेखालीं हैदराबादचा राजप्रमुख झाला व १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. रझवीवर रीतसर खटला चालला, त्यास शिक्षा झाली, व १९५७ सालीं सुटका झाल्यावर तो पाकिस्तानांत निघून गेला. परंतु शरणागतीनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद (आतांचें धाराशिव), गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांतील कितीएक खेड्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. नेहरूंच्या सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असावा असा अंदाज केला. कांहीं ठिकाणीं सैनिकांचाहि या कृत्यांत हात होता, तर अनेक ठिकाणीं सैन्यानेंच मुसलमानांचें रक्षण केलें, असें तिनें नमूद केलें. तो अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं.

याचा अर्थ काय झाला? ज्याच्या हातीं सत्ता होती त्यास मान मिळाला, आणि ज्यांच्या हातीं नांगर किंवा माग यांखेरीज कांहीं नव्हतें त्यांनीं दंड भरला. रझाकारांविरुद्ध निर्भयपणें लिहिणारे हैदराबादचे संपादक शोएबुल्ला खान हे स्वतः मुसलमान होते, व ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांस आपले प्राण गमवावे लागले. असें असतां सर्व जमातीस एकाच मापानें मोजणें हा न्याय कसा?

हा दोष केवळ आमचाच नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीचा बादशहा कैसर विल्हेल्म हॉलंडांत पळाला व १९४१ सालीं मरेपर्यंत तेथें सुखरूप राहिला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें युद्धाचा दोष मात्र जर्मनीच्या माथीं मारिला, आणि १९२१ सालीं १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरविली. युद्धाच्या वेळीं जीं मुलें शाळेंत पाढे म्हणत होतीं त्यांच्यावर बादशहाचें कर्ज बसलें. त्या अपमानाचें व पुढें आलेल्या मंदीचें भांडवल करून हिटलर १९३३ सालीं सत्तेवर आला. १९४५ नंतर जेत्यांनीं दुसरी वाट धरिली. पुढाऱ्यांस न्यूरेंबर्ग येथें नांवानिशीं न्यायासनापुढें उभें केलें, सैन्य मोडून टाकिलें, आणि पुढें पश्चिम जर्मनीस मार्शल योजनेंतून मदतहि दिली. त्यानंतर जर्मनी व फ्रान्स पुन्हा लढले नाहींत. आपल्या देशानेंहि अशीच उदारता दाखविली. जपाननें १९४२ सालीं अंदमान बेटें घेतलीं व १९४४ सालीं इंफाळ-कोहिमापर्यंत चाल केली; तरी ९ जून १९५२ च्या तहांत भारतानें युद्धभरपाईचा आपला हक्क सोडून दिला.

कोणी पालक म्हणतील कीं, ज्याचें घर जळलें त्यास हा उपदेश पचणें कठीण आहे. खरें आहे. आमच्या प्रभूनें शत्रूवर प्रीति करावयास सांगितलें, तें गुन्ह्यास गुन्हा म्हणूं नये यासाठीं नव्हे. जळलेलें घर पुन्हा उभें राहिलेंच पाहिजे. आक्रमकाचें शस्त्र काढून घेतलेंच पाहिजे. ज्यानें हुकूम दिला त्यास, तो गादीवर बसणारा असला तरी, न्यायासनापुढें आणिलेंच पाहिजे. पण दंड माणसाच्या नांवानें व्हावा, जमातीच्या नांवानें होऊं नये. एकाचें देणें दुसऱ्याच्या लेकरांकडून वसूल करील तो जेता उद्यांच्या युद्धाचें बीं आजच पेरून ठेवितो.

आमच्या मुलांनीं एक गोष्ट मनांत जतन करून ठेवावी. त्याच सुंदरलाल समितीनें लिहून ठेविलें आहे कीं, कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंस वांचविलें, व त्यापायीं कित्येकांस स्वतःचे प्राणहि द्यावे लागले. आपलें सोलापूर विणकरांचें शहर आहे. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरीं मागाचा खटखटाट पिढ्यान् पिढ्या ऐकू आला आहे. १९४८ च्या विजयाचा अभिमान बाळगतांना सैन्याबरोबर या विणकरांचेंहि स्मरण व्हावें, असें आम्हांस वाटतें. हैदराबाद सैन्यानें पांच दिवसांत जिंकलें. त्या विजयाची अब्रू मात्र या साध्या माणसांनीं राखली.