मिठात जपलेला पुरावा

2022 च्या ऑगस्टमध्ये नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात एका आदिवासी पित्याने आपल्या मुलीचा मृतदेह मिठाच्या खड्ड्यात जपून ठेवला. पोलिसांच्या मते ती आत्महत्या होती. सामूहिक अत्याचार करून तिला मारण्यात आले, असा कुटुंबाचा आरोप होता. सुमारे दीड महिन्यानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले. आरोपाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु पुरावा जपण्याची जबाबदारी शोकाकुल बापाला स्वतःवर घ्यावीशी का वाटली, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.

अत्याचारातून वाचलेल्या स्त्रीपुढेही हाच अविश्वास उभा असतो. पाड्यावरून पोलीस ठाणे दूर, तिची बोली पावरी वा भिली, आणि जबाब लिहिला जातो मराठीत. दरम्यान गावात दंड घेऊन प्रकरण मिटवण्याची भाषा सुरू होते.

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचे कारण सांगून तिला परत पाठवता येत नाही. तिची तक्रार स्त्री अधिकाऱ्याने नोंदवायची असते व तिची प्रत विनामूल्य द्यायची असते. सरकारी वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने उपचार मोफत केले पाहिजेत. तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी. अवमानकारक 'दोन बोटांची चाचणी' करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 रोजी पुन्हा बजावले आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 2013 साली सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्यासाठीही तेथेच दाद मागता येते.

हे हक्क तिच्यापर्यंत पोहोचवायला विश्वासाचा माणूस हवा. आपल्या धर्मग्रामांतील भगिनी हे काम करू शकतात. तिचे कपडे न धुता कागदात ठेवावेत व शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. उशीर झाला तरी तक्रारीचा हक्क संपत नाही. जबाब तिला तिच्या बोलीत समजावून घ्यावा. तिचे नाव कोठेही, प्रार्थनासभेतसुद्धा, उच्चारू नये. पीडित बालक असल्यास 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपल्या शाळा, वसतिगृहे आणि धर्मगुरूही त्याला अपवाद नाहीत.

खटला वर्षानुवर्षे चालतो. पहिल्या आठवड्यात गर्दी करणारे आपण पुढच्या प्रत्येक तारखेलाही तिच्यासोबत न्यायालयात जाणार आहोत का?