ताटातला सूर्य, चुलीतला सूर्य

वाचकहो, आज जेवायला बसाल तेव्हा ताटातील भाकरीकडे क्षणभर पाहावे. ज्वारीच्या पानांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून, उन्हाच्या बळावर, तिचे पिष्ट घडवले. तेच आपल्या देहात मंदपणे जळते. दिवसाला २,००० किलोकॅलरी आहार घेणाऱ्या माणसाचा ऊर्जाव्यय १०० वॉटच्या दिव्याएवढा भरतो. आपण सारे चालतेबोलते दिवेच, आणि तेल सूर्याचे!

भाकरी भाजणारी आचही त्याच घरची. सरपण हे काही वर्षांचे साठलेले ऊन. सिलिंडरमधला गॅस ज्या खनिज तेलातून व नैसर्गिक वायूतून येतो, त्यांत कोट्यवधी वर्षांपूर्वी सागरी सूक्ष्मजीवांनी टिपलेले ऊन असते. विजेची शेगडी असेल, तर चंद्रपूरचा कोळसा २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा अवशेष. कोयनेची वीज म्हणजे उन्हाने समुद्रातून उचललेले आणि पावसाने सह्याद्रीवर ओतलेले पाणी. अपवाद थोडेच. तारापूरच्या अणुभट्टीतील युरेनियम सूर्यजन्मापूर्वीच्या ताऱ्यांचे देणे आहे, वज्रेश्वरीची उष्ण कुंडे भूगर्भातील उष्णतेने तापतात, तर भरती-ओहोटीची ऊर्जा मुख्यतः चंद्राच्या ओढीची.

मूळ एक असले तरी ते ऊन आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, याला आरोग्याच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. देहात अन्न जळताना धूर होत नाही. उघड्या चुलीत मात्र लाकूड अर्धवट जळते. कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण स्वयंपाक करणारीच्या व तिच्या पदराशी बसलेल्या मुलाच्या फुप्फुसांत उतरतात. घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरीही चुलीवरच्या भाकरीच्या खमंगपणाचे कौतुक बहुधा फुंकणी हाती न धरणारेच करतात!

उन्हाची सर्वांत जवळची वाट आपल्या गच्चीवर आहे. आरसा लावलेल्या सूर्यचुलीच्या पेटीत दुपारच्या स्वच्छ उन्हात वरणभात दोन-तीन तासांत शिजतो; घाईच्या घरी ती एकटी पुरणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच. चूल टाळता येत नसेल, तर सरपण कोरडे ठेवावे, डाळी-कडधान्ये आधी भिजवून आच कमी वेळ लागेल असे पाहावे, धुराला वर वाट द्यावी आणि बाळाची झोळी चुलीच्या खोलीत बांधू नये.