बेंड मारण्याचा हिशेब



गेल्या रविवारी सकाळी निफाडला आमच्या घरी शेजारचा एक मुलगा आला. बगलेत पत्र्याचा तुकडा आणि चेहरा उतरलेला. रोज पहाटेच्या गाडीने तो नाशिकला जातो, अंबडच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राबतो. कारखान्यात जाड केबली भोकाभोकांच्या पत्र्याच्या पन्हळीतून नेतात, तिला केबल ट्रे म्हणतात. ट्रे कोपऱ्यात वळवायला तयार बेंड मिळतो. तो वेळेवर आला नाही, की सरळ ट्रे कापून हातानेच बेंड मारावा लागतो. याने मारला आणि ट्रे वाया गेला. ठेकेदाराने दोन दिवसांची मजुरी कापली.

"काका, नीट तर कापलं व्हतं. पण वळंनाच पुढं!"

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, पत्र्यातले आम्हाला काय कळणार? पण जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा काढला, कात्री घेतली आणि दोघेही जमिनीवर बसलो. ट्रे १५० मिलिमीटर रुंद होता. त्याने आतल्या बाजूला १५० मिलिमीटरचीच खाच मारली होती, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना ७५-७५. पुठ्ठ्यावर तशीच खाच कापून दुमडली, तर साधारण ५३ अंशांवर कडेला कड भिडली. पुढे वळणार कसा? काटकोनात वळायचे तर खाचही काटकोनाचीच हवी, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ४५ अंश. म्हणजे ट्रे जितका रुंद, तितके माप एका अंगाला आणि तितकेच दुसऱ्या अंगाला. १५० चा ट्रे असेल तर आतल्या बाजूला खाच ३०० ची! बाहेरची भिंत मात्र कापायची नाही, तीच बिजागरीसारखी दुमडते. दहावीला भूमितीत चांगले गुण मिळवलेला हा पोरगा. भूमिती पत्र्यावरही असते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

मग तोच आम्हाला शिकवू लागला. कापताना रिव्हेट मारायला दोन बोटे पट्टी राखून ठेवायची. कापलेल्या कडा कानशीने घासायच्या, नाहीतर केबल ओढताना तिचे कातडे सोलून निघते. कापल्यावर जस्ताचा थर जातो आणि गंज तिथूनच धरतो, म्हणून कडेला जस्ताचा रंग लावायचा. जोडाच्या दोन्ही बाजू तांब्याच्या पट्टीने जोडायच्या, म्हणजे अर्थिंग तुटत नाही.

आम्ही विचारले, "इतक्या टोकदार कोपऱ्यात जाड केबल वळेल का रे?" तो गप्प झाला. लोखंडी आवरणाच्या केबलीला तिच्या जाडीच्या सुमारे बारा पट त्रिज्येचे वळण लागते. तिथे एका काटकोनापेक्षा ४५ अंशांचे दोन बेंड बरे. तेव्हा १५० च्या ट्रेला प्रत्येक बेंडाची खाच मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ६२-६२ मिलिमीटर येते. पुठ्ठ्यावर करून पाहिली, बरोबर बसली.

एक गोष्ट मात्र आयाबहिणींनी ध्यानात घ्यावी. घरातले पोरगे रात्री थंडी वाजून तापाने फणफणले आणि दिवसा त्याने जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केले असेल, तर तो ताप त्या धुरानेही आलेला असू शकतो. डॉक्टरांना तसे जरूर सांगा. कडेचे जस्त घासून, उघड्या हवेत, धूर तोंडावर येणार नाही असे उभे राहून काम करावे. ग्राइंडर चालवताना डोळ्यांना चष्मा हवाच, साहेबाने दिला नाही तर मागून घ्यावा.

आता मजुरीचे. हा आमच्या टेबलावरचा विषय, म्हणून ठासून सांगतो. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला त्याची बाजू मांडू द्यावी लागते आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. या पोराला कुणी विचारलेसुद्धा नव्हते. ज्याला कधी शिकवले नाही, त्याच्या हातात ट्रे आणि करवत दिली कुणी, हाही प्रश्न आहेच.

आम्ही अर्ज लिहून दिला, त्याने सही केली. एक प्रत ठेकेदाराला दिली, एक घरात पत्र्याच्या पेटीत ठेवली. आयटीआयच्या वायरमन ट्रेडचा फॉर्म यंदा भरायचा, असे त्याच्या आईने आमच्यासमोर त्याच्याकडून कबूल करून घेतले. अर्जाला अजून उत्तर नाही. पुठ्ठ्याचा बेंड मात्र तो डब्याच्या पिशवीत घालून कामावर घेऊन गेला आहे.