डोलकर कोणाचा, पारू कोणाची?

दिवाळीच्या फराळाबरोबर भांडण वाढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. पण ज्या वादासाठी मराठी माणूस तोंडापर्यंत नेलेली चकली पुन्हा ताटलीत ठेवतो, तो मांडायला दिवाळी अंकाइतकी योग्य जागा दुसरी कोणती? अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही चाळीत वा सोसायटीत 'वेसावची पारू' हे गाणे लागू द्या, बसल्या जागी दोन तट पडतात. एक तट उठून नाचू लागतो. दुसराही उठतो, पण आवाज कमी करायला! आणि मग सुरू होते व्याख्यान : "हे कसले कोळीगीत? कोळीगीत म्हणजे 'मी डोलकर'. अस्सल, सोज्वळ! हा नुसता धांगडधिंगा."

हा 'धांगडधिंगा' केला तो 'वेसावकर आणि मंडळी' या नावाने वेसाव्याच्या कोळ्यांनीच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत, कॅसेटी घरोघर पोचल्या त्या काळात, काशीराम चिंचय आणि त्यांच्या साथीदारांनी आपल्या बोलीतली गाणी ढोलकीबरोबर विजेच्या वाद्यांवर चढवली. बघता बघता ती लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात जाऊन बसली. ज्यांनी वेसावे कधी पाहिले नाही, त्यांनाही पारू ठाऊक झाली. २०१४ साली घाटकोपरहून अंधेरीमार्गे मेट्रो धावू लागली. तिच्या शेवटच्या स्थानकाच्या फलकावर 'वर्सोवा' असे इंग्रजी वळणाचे नाव आहे. गावाचे घरचे नाव चारचौघांत टिकले, ते या गाण्यांच्या तोंडी!

आता त्या 'अस्सल' गाण्याची कुळकथा जरा पाहू. 'मी डोलकर' लिहिले शांता शेळके यांनी. त्या जन्मल्या इंदापूरला, आणि इंदापुरात समुद्र नाही. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. घराण्याचे मूळ गोव्यात मंगेशीला. गायला लतादीदी आणि हेमंतकुमार. हेमंतकुमार तर बंगाली. वाचकहो, गैरसमज नसावा. ते गाणे मला प्राणाइतके प्रिय आहे. शांताबाईंनी कोळ्याच्या जिवातले ओळखले आणि हेमंतकुमारांच्या आवाजात खाऱ्या वाऱ्याची ओल आहे, हे मी कोणाच्याही पुढे छातीठोकपणे सांगेन. पण ज्या गाण्यात ना कवी कोळी, ना संगीतकार, ना गायक, ते 'अस्सल'. आणि वेसाव्याच्या कोळ्याने आपल्याच बोलीत आपल्याच गावच्या पोरीवर म्हटले ते 'भ्रष्ट', हा न्याय कोणत्या कोर्टातला?

वाद्यांचे म्हणाल, तर 'मी डोलकर'मागे काय नुसती झांज वाजते? तिथेही स्टुडिओतला वाद्यवृंद आहेच. कोळ्यांच्या लग्नात ब्रास बँड वाजत आला, तो काय एकवीरा आईने कार्ल्याच्या डोंगरावरून खाली धाडला होता? साहेबाच्या पलटणीचे ते वाजंत्र कोळीवाड्याने उचलले आणि असे आपलेसे केले की आता ते परके वाटतच नाही. ब्रास बँड चालतो आणि कीबोर्ड बाटवतो, हे सोवळे मला समजत नाही.

हे दुखणे काही आपल्याच मुलखाचे नाही. ऐंशीच्या दशकात लंडनमध्ये 'पोग्ज' नावाचे एक टोळके निघाले. आयर्लंडच्या जुन्या लोकसंगीताला त्यांनी रॉकचा दणका दिला, तेव्हा तिकडच्या सोवळ्या रसिकांनीही असेच कानांवर हात ठेवले. त्या टोळक्याचा गायक शेन मॅकगोवन २०२३ साली वारला. आयर्लंडमधल्या नीना या गावी भर चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला त्याचेच गाणे झाले आणि माणसे बाकांमधल्या वाटेत नाचली. आपल्याकडे मात्र माणूस जिवंत असताना त्याचे गाणे नाचायचे आणि चार शहाण्यांत बसले की त्यालाच नावे ठेवायची!

मी शाळामास्तर, तेव्हा शाळेतली गोष्ट सांगतो. आमच्या संमेलनाच्या समितीने एके वर्षी 'पारू' नामंजूर केली आणि 'डोलकर' मंजूर केला. कारण दिले 'अभिरुची'. नाच बसवला. 'डोलकर' म्हणजे डोलणारा, अशा समजुतीने मुले डावी-उजवीकडे डोलत राहिली. डोल हे जाळे आहे, हे त्या अभिरुचिसंपन्न समितीत एकालाही ठाऊक नव्हते. खुंटांना बांधलेले, पिशवीसारखे, भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड उघडे ठेवून उभे केलेले जाळे. बोंबील आणि जवळा मिळतो तो मुख्यतः त्यातच, आणि ते लावणारा तो डोलकर. बरे, लुगडी भाड्याने आणली, पण कोळी पद्धतीने नेसवता कोणाला येत होती? शेवटी एका विद्यार्थिनीच्या वेसाव्याच्या आजीला बोलावले. म्हातारीने सोळा पोरींना एकापाठोपाठ एक कासोटे घातले, आणि हात चालवताना गुणगुणत होती ती पारू! आमच्या एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "आजी, आम्ही खरं कोळीगीत घेतलंय हं." म्हातारीने मान वर न करता विचारले, "मंग आमचा गाना खोटा हाय काय, बाय?"

समितीतल्या कोणीही उत्तर दिले नाही.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. पारूच्या यशानंतर तिच्या चुलतबहिणी इतक्या निघाल्या की ठेका तोच, गो तेच, फक्त पोरीचे नाव नवे. पडद्यावर कोळीण आली की तिने कंबर हलवलीच पाहिजे, असा नियमच होऊन बसला. कष्टाने टोपली वाहणाऱ्या, बाजारात गिऱ्हाइकाला दराने गार करणाऱ्या बायकांचा हा अपमान आहे आणि त्याचा राग यायलाच हवा. मिरवणुकीतल्या ट्रकवरच्या भिंतींएवढ्या कर्ण्यांतून तर भूपाळी लावली तरी छातीत धडकी भरेल. पण तो दोष कर्ण्याचा, पारूचा नव्हे.

परंतु अस्सलाचा एवढाच कळवळा असेल, तर अस्सल वस्तू आहे कुठे, ते सांगतो. कोळीवाड्यातल्या हळदीला जा. तिथे धवलारीण बसलेली असते. पाठीशी वाद्यवृंद नाही, कीबोर्ड नाही. हळद लावण्यापासून पुढच्या एकेका विधीचे धवळे ती तोंडपाठ गाते. ते कोणा कवीचे नव्हे, सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे आलेले. अशा बायका आता थोड्या उरल्या आहेत. अंधेरी स्थानकावरून वेसावे काही विलायत नव्हे. पण 'डोलकर' आणि 'पारू' यांवर रात्र रात्र भांडणाऱ्या आमच्या रसिकांपैकी किती जण वही घेऊन त्या म्हातारीजवळ बसले? नाचणाऱ्यांतले कोणी गेले नाहीत, हेही खरे. पण त्यांनी निदान अस्सलाची मक्तेदारी मिरवली नव्हती.

येत्या संमेलनासाठी मी समितीकडे दोन्ही गाण्यांची नावे देणार आहे, आणि लुगडी नेसवणाऱ्या आजींना या खेपेस पहिल्या रांगेतली खुर्ची. ज्यांना पारूवर आक्षेप घ्यायचा असेल, त्यांनी आधी डोल जाळ्याचे तोंड ओहोटीला कोणत्या दिशेला असते ते मला फळ्यावर काढून दाखवावे. मग बोलू.