नाव सापडले पाहिजे

दिवाळीचे वहीपूजन आजही अनेक पेढ्यांवर श्रद्धेने होते. परंतु वर्षभराचा हिशेब मात्र आता संगणकातच राहतो. जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी किराणा, कापड वा खते-बियाणे यांचा व्यापार करणाऱ्याची खाती पाहता पाहता काही हजारांवर जातात. खर्डा, नान्नज, अरणगाव, हळगाव येथून आलेला ग्राहक गल्ल्यासमोर उभा राहून विचारतो, "माझ्याकडे बाकी किती?" त्या क्षणी दुकानातील हिशेबाच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा होते.

जुन्या खतावणीच्या आरंभी अक्षरवार अनुक्रमणिका असे. मुनीम प्रथम ती पाहून पान क्रमांक घेत आणि थेट ते पान उघडीत. संगणकातील 'इंडेक्स' ही त्याच अनुक्रमणिकेची पुढची पिढी होय. अक्षरक्रमाने लावलेल्या १ लाख नावांची यादी मधोमध उघडावी, हवे ते नाव मागे आहे की पुढे एवढेच ठरवावे आणि दर वेळी निम्मी यादी वगळावी. असे केल्यास फार तर १७ वेळा पाहून नाव हाती लागते. क्रम नसेल, तर प्रसंगी लाखही नावे पाहावी लागतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेत बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत बायर आणि मॅकक्रेट यांनी 'बी-ट्री' ही रचना मांडली. आजच्या बहुतेक डेटाबेसचा इंडेक्स तिच्याच आधारावर उभा आहे.

दुसरा प्रश्न यादी सरकवण्याचा, म्हणजे स्क्रोलिंगचा. पडद्यावर एका वेळी वीस-पंचवीस ओळीच मावतात. तरीही काही सॉफ्टवेअर सर्व खाती एकदम आणू पाहतात आणि ग्राहक ताटकळतो. चांगले सॉफ्टवेअर दिसणाऱ्या ओळी व त्यापुढील थोड्याच ओळी आणते. मात्र पुढच्या ओळी मागण्याच्याही दोन रीती आहेत. "पहिल्या ५,००० सोडून पुढच्या ५० द्या" असे म्हटले, तर संगणकाला आधीच्या ५,००० ओळी मोजूनच पुढे जावे लागते. शिवाय तेवढ्यात वरचे एखादे खाते काढून टाकले गेले, तर सर्व ओळी एक घर वर सरकतात आणि एक ओळ न दिसताच निसटते. "अमुक नावानंतरच्या ५० द्या" असे म्हटले, तर इंडेक्स थेट त्या जागी नेतो आणि काही निसटत नाही. वसुलीसाठी यादी क्रमाने तपासणाऱ्याच्या दृष्टीने निसटलेली एक ओळ म्हणजे राहून गेलेली एक बाकी.

तरीही सर्वांत नाजूक भाग शोधाचाच. बंगळूर येथे श्यामसुंदर गोयंका व त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ साली आरंभलेल्या 'टॅली'ने छोट्या व्यापाऱ्याला खात्यांचे सांकेतिक क्रमांक पाठ करण्यापासून सोडवले. नावाची अक्षरे टंकित करावीत आणि यादी आपोआप आखडत जावी, ही सोय दुकानदाराला भावली. त्यात एका खात्याला दुसरे नावही, म्हणजे 'एलियस', देता येते. या छोट्या सोयीचे मोल मोठे आहे. अहिल्यादेवींचे जन्मस्थान चौंडी जामखेड तालुक्यातच आहे आणि २०२४ साली त्यांच्याच नावावरून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आता जुन्या पत्त्यांत 'अहमदनगर' आहे, नव्यांत 'अहिल्यानगर'. दोन्ही नावे एकच जिल्हा दर्शवतात, हे सॉफ्टवेअरला सांगून ठेवले नाही, तर शोधात अर्धेच ग्राहक दिसतील.

माणसांच्या नावांचेही तसेच. 'लक्ष्मण' हे नाव रोमन लिपीत कोणी एक्स घालून लिहितो, तर कोणी के-एस-एच घालून. कोणी 'शहा' लिहितो, कोणी 'शाह'. नोकराने एका रीतीने शोधले, पडद्यावर "नोंद आढळली नाही" असे आले, की तो निमूटपणे नवे खाते उघडतो. मग उधारी एका खात्यात आणि जमा दुसऱ्या खात्यात. पैसे चुकते करणाऱ्याच्या दारी पुन्हा तगादा जातो. पिढ्यांचा विश्वास अशा वेळी एका अक्षराच्या फरकाने तुटतो.

यावर उपाय अवघड नाही. सातबारा ऑनलाइन पाहताना आधी जिल्हा, तालुका व गाव निवडावे लागते. त्यानंतरच गट क्रमांकाने वा नावाने शोध घेता येतो. दुकानातही गाव व मोबाइल क्रमांक यांची जोड नावाला द्यावी. नवे खाते उघडण्यापूर्वी मिळतीजुळती नावे समोर आणणारे सॉफ्टवेअर पसंत करावे.

म्हणून विक्रेत्याने दाखवलेल्या दहा-बारा नमुना नोंदींवर भाळू नये. आपलीच पूर्ण खातेयादी त्यात भरून पाहावी. नावाचा मधलाच भाग टंकित करावा, मुद्दाम वेगळी अक्षरे घालावीत. एखादे खाते उघडून परत फिरल्यावर यादी त्याच ओळीवर येते की पुन्हा आरंभी जाते, हे पाहावे. आणि ही परीक्षा मालकाने स्वतः न घेता रोज गल्ल्यावर बसणाऱ्याला घेऊ द्यावी. गर्दीच्या वेळी नाव शोधायचे असते ते त्यालाच.